मापाचा शर्ट

त्या रविवारी मी दुकानाची पायरी चढले तेव्हा बाबांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "अर्धा इंच वाढलीस." मी म्हटलं, "कुठे?" "ते आरसा सांगेल. मी मापं सांगतो, बातम्या नाही," असं म्हणून ते पुन्हा खडूने कापडावर रेघ ओढायला लागले. धाकटी मशीनवर होती. मान वर न करता म्हणाली, "दिवसभर खुर्चीत बसून कागद वाचायचे, दुसरं काय होणार." हे सगळं दर रविवारचंच होतं. मी येणार, बाबा मला नजरेने मोजणार, बहीण टोमणा मारणार, मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून मी बसणार आणि चहा येईपर्यंत कुणीच काही बोलणार नाही, फक्त मशीन बोलत राहणार. आता मागे वळून बघते तेव्हा तो दिवस इतका नेहमीसारखा दिसतो की त्याचाच राग येतो. निदान एखादं भांडं पडायला हवं होतं.

बाबांनी निळ्या बारीक रेघांचा शर्ट घातला होता, पूर्ण बाह्यांचा, मनगटापर्यंत बटणं लावलेला. खांद्याची शिवण जिथे यावी तिथेच आली होती, पाठीवर एक चुणी नव्हती. मला हे आठवतं, कारण मी तेव्हा मनात म्हटलं होतं की या वयाच्या माणसाच्या अंगावर कपडे असे बसलेले सहसा दिसत नाहीत. ऑफिसातल्या लोकांचे वडील कधी दिसतात, तर त्यांचे शर्ट त्यांच्यावर वाळत घातल्यासारखे असतात. माझे वडील शिंपी आहेत याचा इतका साधा अभिमान मला फार दिवसांनी वाटला होता. दाढीही आता छान भरली होती. आठेक महिन्यांपूर्वी त्यांनी ती वाढवायला घेतली तेव्हा मी विचारलं होतं, "संन्यास घेताय का?" तर म्हणाले होते, "कात्री सुटली की घेईन. सध्या रोज घोटत कोण बसेल, म्हणून."

शाळा सुरू व्हायचे दिवस जवळ आले होते. एक बाई मुलीला घेऊन गणवेशाचं माप द्यायला आली. "मास्तर, मोठाच शिवा हं. तीन वर्षं तरी चालला पाहिजे."

"बाई, मुलगी वाढणार आहे, तंबू नाही," बाबा म्हणाले.

"तुमचं काय जातंय मोठा शिवला तर?"

"माझं काही जात नाही. पहिलं वर्षभर वर्ग हिच्याकडे बघून हसेल, ते हिचं जाईल." मग मुलीकडे बघून, जणू हा व्यवहार त्या दोघांमधलाच आहे अशा आवाजात म्हणाले, "अंगाबरोबर शिवतो. आत दुमड भरपूर ठेवतो. दर वर्षी आण, सोडून देईन. काय?" मुलीने मान हलवली. आईही हसली. बाबांनी टेप घेतली, खांदा, छाती, कंबर, उंची मोजली आणि आकडे कुठेही न लिहिता कागदाच्या एका लांब पट्टीला कात्रीच्या टोकाने चार खाचा मारल्या. ही त्यांची पद्धत होती. त्यांच्या उस्तादाची होती, आणि त्या उस्तादाला आकडे लिहिता येत नव्हते. बाबांना लिहिता यायचं, चौथीपर्यंत शिकले होते, पण ते म्हणत, लिहिलेला आकडा चुकतो, खाच चुकत नाही. पट्टी कापडावर ठेवायची, खाच येईल तिथे खडू लावायचा. दोन खाचांमधलं अंतर, खाचेचा तिरपेपणा, एका कडेची की दुसऱ्या कडेची, यावरून त्यांना गिऱ्हाईक डोळ्यांसमोर उभं करता यायचं. खिळ्यांना अशा पट्ट्यांचे जुडगे टांगलेले होते, माणसाला एक जुडगा.

मी पिशवीतून नवी पुस्तिका काढून त्यांच्यापुढे ठेवली. मी आरोग्य खात्यात लोकांसाठी माहितीपुस्तिका लिहिते. लिहिते म्हणजे डॉक्टर जे लिहितात ते माणसांना कळेल असं करते. बाबांनी पान दोन बोटांत चोळलं. "कागद बरा आहे या वेळी. मागचा फारच बुळबुळीत होता, खाच धरत नव्हता."

"आधी वाचा तरी, मग कापा."

"वाचतो की. हिला विचार. कापताकापता वाचतो."

धाकटी हसली. बाबाही हसले आणि हसताहसता त्यांनी टेबलाची कड धरली. चहा अर्धा ठेवला. निघताना दुकानाचं शटर ओढायला ते उठले नाहीत, धाकटीने ओढलं. मला म्हणाले, "जपून जा." हे सगळं मी पाहिलं होतं. नाही पाहिलं असं मला म्हणता येणार नाही.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला ऑफिसात धाकटीचा फोन आला. बाबा गेले होते, दुकानामागच्या खोलीत, कॉटवर. मी पोचले तेव्हा त्यांना गळ्यापर्यंत चादर घातलेली होती, बाहेर फक्त दाढी आणि मिटलेले डोळे. गल्लीतल्या डॉक्टरांनी कागद लिहून ठेवला होता. हृदय बंद पडलं, असं त्यात होतं. एरवी औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा दोनदा वाचणारी मी, मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. लोक येत होते. "मास्तर शेवटपर्यंत काम करत गेले, नशीबवान," असं जो तो म्हणत होता, आणि मलाही ते पटत होतं. रविवारी तर धडधाकट होते. मी स्वतः बघितलं होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघींनी त्यांचं कपाट काढलं. मी म्हटलं, "मला एक शर्ट दे. निळ्या रेघांचा." धाकटी थांबली. "तो नको. विटलाय. हा चांगला आहे बघ, जुना, पांढरा." मी म्हटलं, "तोच हवा. रविवारी घातला होता तो." तिने शर्ट दिला, पण देताना तो तिच्या हातातून लगेच सुटला नाही. मला वाटलं, तिलाही तोच हवा असेल, आणि मला थोडी लाजही वाटली. तिच्याकडे त्यांचे सगळे दिवस होते, माझ्याकडे रविवार होते, तरी मी शर्ट मागत होते.

घरी आल्यावर दार लावून मी तो अंगात घातला. असं करणाऱ्या बायकांबद्दल मी वाचलेलं आहे, आणि वाचताना मला ते नेहमी जरा जास्तच वाटायचं. लहानपणी मी बाबांचा शर्ट घालून घरभर फिरायचे. तो गुडघ्यांखाली यायचा, बाह्या लोंबायच्या, आणि आई म्हणायची, "बाई गं, बुजगावणं आलं!" बाबा रुंद होते. कापड उचलून उचलून, कात्री चालवून चालवून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जाड झाला होता. मी डावी बाही चढवली, उजवी चढवली, आणि पाठीत कापड ताणलं गेलं. मी बटण लावायला गेले. ते लागेना. छातीवर दोन बोटांची फट उरत होती. मी श्वास सोडून पुन्हा लावून पाहिलं. अर्धा इंच वाढलीस, हे मला आठवलं आणि मी मूर्खासारखी हसले. मग हसणं थांबलं. मी मध्यम अंगाची बाई आहे. माझ्या अंगाला जो शर्ट होत नाही, तो जाण्याच्या चार दिवस आधी माझ्या वडिलांच्या अंगावर एकही चुणी न पडता बसला होता.

मी शर्ट काढून उलटा केला. खिडकीत उजेड होता. शिंप्याची मुलगी असूनही मला शिवणातलं फार कळत नाही, ते मला कळू नये अशीच व्यवस्था होती, पण कळायला फार शहाणपण लागत नव्हतं. बगलेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना जुन्या टिपांची भोकं होती. एकामागे एक, समांतर, चार ओळी. पहिली कडेजवळ, मग अंगठ्याएवढं आत दुसरी, मग तिसरी, मग चौथी, आणि तिच्याही आत आत्ताची शिवण. खांदे उसवून बाह्या आत सरकवलेल्या होत्या. कॉलर नवीन होती, पण कापड त्याच शर्टाचं. खालचा घेर लांबीने कापून त्यातून कॉलर केलेली. कुणीतरी हे फार मन लावून केलं होतं. आणि एक गोष्ट मला कळेना. आत घेतलेलं जास्तीचं कापड कापलेलं नव्हतं. दोन्ही कडांना ते पट्टीपट्टीने दुमडून, इस्त्री करून, कच्च्या टाक्याने दाबून ठेवलेलं होतं.

अशा ओळी मी आधी एकदा पाहिल्या होत्या, माझ्या स्वतःच्या स्कर्टवर. टेकडीवरच्या शाळेचे गणवेश बाबा शिवायचे आणि त्या शाळेच्या मोठ्या बाईंनी एकदा मुलींना मापं द्यायला आणलं तेव्हा कोपऱ्यात बसून गिऱ्हाइकांना पेपर वाचून दाखवणारी अकरा वर्षांची मुलगी पाहिली. "हिला पाठवा आमच्याकडे," त्या म्हणाल्या. बाबांनी एका रात्रीत नाही, चांगले तीन दिवस घेऊन माझा गणवेश शिवला, आत इतकी दुमड ठेवून की चालताना स्कर्ट जड लागायचा. मी तो चार वर्षं घातला. दर वर्षी एक दुमड सुटायची आणि जिथून ती सुटली तिथे एक गडद रेघ राहायची, कारण आतलं कापड उन्हात विटलेलं नसायचं. वर्गातल्या मुली रेघा मोजायच्या. "ही सातवीतली रेघ, ही आठवीतली," असं मला फिरवून फिरवून. मी घरी सांगितलं नाही. शाळेत मी पहिली यायचे आणि घरी फक्त तेवढंच सांगायचे. धाकटी तेव्हा टेबलाखाली बसून चिंध्या वेगळ्या करायची, सुती इकडे, टेरिकॉट तिकडे. मी कॉलेजात गेले त्या वर्षी तिची शाळा सुटली. आठवीत गणितात राहिली होती. तिला शिकवायचं मी कबूल केलं होतं, पण माझी परीक्षा होती. बाबा म्हणाले, "एकीचं डोकं, एकीचे हात. घर चालायला दोन्ही लागतात." वाक्य इतकं नीट बेतलेलं होतं की त्यात कुणालाच काही खुपलं नाही. मला तरी नाही. तीच धाकटी पुढे चार माणसांच्या कपड्याचं कापड मनात धरून सांगायची, बोटभरही चूक नाही. ते गणित आहे असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एकदा मी कात्री उचलली होती. दहावीच्या सुट्टीत. एक कापडाचा तुकडा घेऊन नुसती सरळ रेघ कापत होते. कात्रीचा तो आवाज, टेबलाला घासत जाणारा, मला फार आवडायचा. बाबांनी हातातून ती काढून घेतली. रागाने नाही, गरम भांडं मुलाच्या हातातून घ्यावं तशी. "तुला शिकवतोय ते हे करायला? ठेव. जा, वाच." मी गेले, वाचलं. अजून वाचते आहे. दोन खोल्यांच्या माझ्या घरात तीन भिंती पुस्तकांच्या आहेत. मी तयार कपडे घेते, त्यांच्या आतली चिठ्ठी वाचून. घर घेताना मी वकिलालाच तीन चुका दाखवल्या होत्या. दुकानदार मला बघून सुस्कारा सोडतो, कारण मी डब्याच्या मागचं बारीक वाचते. एका माणसाशी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं, तो म्हणाला, "तू प्रत्येक गोष्टीला कारण का विचारतेस?" आणि मी म्हटलं, "का विचारू नये?" तिथेच ते संपलं. हे सगळं मला तोटा वाटलं नाही. मला वाटायचं, त्या घरात मला एक जागा आहे आणि ती जागा कळण्याची आहे. घरात येणारा प्रत्येक कागद माझ्याकडे यायचा. विजेचं बिल, दुकानाचा परवाना, औषधाची चिठ्ठी, नगरपालिकेची नोटीस. आई तो पदराला पुसून माझ्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "यातलं मला काही कळत नाही बाई. ताई वाचेल." धाकटी अजूनही तेच म्हणायची, आईच्याच सुरात, थोडी नक्कल करत.

आणि गेल्या आठ महिन्यांत माझ्याकडे एकही कागद आला नव्हता. शर्ट मांडीवर घेऊन बसले असताना हे माझ्या लक्षात आलं. त्याहून वाईट म्हणजे हे आधीही माझ्या लक्षात आलं होतं आणि मला तेव्हा हायसं वाटलं होतं. मी मनात म्हटलं होतं, धाकटी शिकली एकदाची, आपलं आपण बघायला लागली. 'कारण नसताना वजन घटणे' हे मी लिहिलेलं वाक्य आहे. तीन पुस्तिकांमध्ये आहे. लक्षणांच्या यादीत ते वर असावं की खाली, यावर मी डॉक्टरांशी एक अख्खी दुपार वाद घातला होता आणि ते वर आणलं होतं. घरच्यांच्या लगेच लक्षात येतं, असं माझं म्हणणं होतं. कपडे सैल होतात.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी दुकानात गेले. धाकटी एकटीच होती. टेबलावर त्याच मुलीचा गणवेश होता, अर्धा शिवलेला. मी शर्ट उलटा करून त्याच्यावर ठेवला. तिने मशीनचं चाक हाताने धरलं. पायडलवरून पाय काढले.

"कधीपासून?" मी म्हटलं.

"बस तरी."

"कधीपासून, विचारते आहे."

"दाढीच्या थोडं आधी," ती म्हणाली. "पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासणी करायला सांगितली. केली एक. त्यात गाठ दिसली. ते म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात न्या. बाबांनी कागद घडी केला आणि डॉक्टरांना म्हणाले, माझ्या मोठ्या मुलीला यातलं काही कळवायचं नाही."

"आणि तू ऐकलंस."

"ऐकलं."

"दर रविवारी मी समोर बसत होते. त्या स्टुलावर. आणि तू," माझा आवाज चढत नव्हता, तो तसा चढतच नाही, "तू शनिवारी बसून त्यांचे कपडे आत घेत होतीस. मला दिसू नये म्हणून."

"शनिवारी नाही, शुक्रवारी. शनिवारी इस्त्री."

ती थट्टा करत नव्हती. तिला माहिती अचूक द्यायची सवय आहे. पण मला त्या क्षणी तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि मी हात टेबलाखाली नेले. मी कित्येक विश्वासघातांबद्दल वाचलं आहे. त्यात पत्रं असतात, चोरून भेटी असतात, कुणाचं तरी दार चुकून उघडं राहतं. इतकी सुबक, इतकी बेमालूम, इस्त्री केलेली फसवणूक मी कुठे वाचली नव्हती. आणि ती मला आवडली होती. रविवारी मी तिच्याकडे बघून अभिमानाने फुलले होते.

"मी शिकलेली नाही, ताई. मला जे सांगितलं ते मी केलं."

"शिकलेली नाहीस, हे आता पुढे करू नकोस. तू मला सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"काय म्हणजे? त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं असतं. पुन्हा तपासण्या केल्या असत्या. दुसऱ्या कुणाचं मत घेतलं असतं, आता नवीन औषधं—"

"बघ," ती म्हणाली. "तीन वाक्यांत तू त्यांना ॲडमिटसुद्धा केलंस. यात ते स्वतः कुठे आहेत, हे विचारलं नाहीस."

बाहेर कुणीतरी येऊन, "मास्तर—" असं म्हणून, आत बघून, तसंच परत गेलं.

धाकटी उठली. खिळ्यावरून एक जुडगा काढून तिने माझ्यापुढे टेबलावर पट्ट्या एकेक करून मांडल्या, वरची टोकं एका रेषेत आणून. आठ होत्या. "दर महिन्याला एक," ती म्हणाली. "त्यांचीच. स्वतःच मारायचे खाचा. आरशासमोर उभे राहून टेप धरायचे आणि मला म्हणायचे, लिही. मग म्हणायचे, लिहू नको, आण इकडे." पट्ट्या माझ्या पुस्तिकांच्या होत्या. उभ्या कापल्यामुळे प्रत्येक ओळीतली दोन-दोन अक्षरं उरली होती. मी सवयीने वाचायला गेले आणि काही लागेना. "तसं नाही," धाकटी म्हणाली. तिने माझं बोट धरलं आणि पहिल्या पट्टीच्या खाचेत ठेवलं. "ही छाती." बोट दुसऱ्या पट्टीवर नेलं. खाच जराशी वर सरकली होती. तिसरी. चौथी. आठव्या पट्टीपर्यंत माझं बोट पायऱ्या चढल्यासारखं वर वर गेलं. तेरा वर्षं मी माणसांना कळेल असं लिहीत होते. एवढं स्पष्ट मी काही लिहिलं नव्हतं.

"आणि हे कापड का कापलं नाहीस?" मी शर्टाच्या आतल्या घड्यांवर हात ठेवून विचारलं. "बघणारीला लगेच कळलं असतं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अगदीच सोपी गोष्ट विचारली आहे. "परत भरले असते तर?" ती म्हणाली. "सोडायला नको का काही?" आणि मग तिचा चेहरा हलला, आठ दिवसांत पहिल्यांदा, पण तिने तो लगेच सरळ केला.

शेजारच्या खिळ्यावर माझा जुडगा होता. मी कित्येक वर्षांत या दुकानात कपडा शिवला नव्हता, पण तो जाड होता, वरची पट्टी पांढरीशुभ्र. कागद मी ओळखला. त्या रविवारीच दिला होता. मी गेल्यावर त्यांनी तो कापला असणार, टेबलाची कड धरून, आणि नजरेने घेतलेलं अर्धा इंच त्यावर मारून ठेवलं असणार. ते मला शेवटपर्यंत वाचत होते. मला मात्र त्यांनी स्वतःला वाचू दिलं नाही.

"मीच का नको?" मी म्हटलं. हेच मला विचारायचं होतं, शर्ट, तारखा, डॉक्टर, हे सगळं त्याच्या अलीकडचं होतं. "मी त्यांची शत्रू होते का? मला कळलं असतं म्हणून मीच नको?"

"तुला कळलं असतं तर मग कुणाला काही बोलायला राहिलं नसतं," धाकटी म्हणाली. ती शब्द शोधत होती, सावकाश, दोरा ओवताना डोळे बारीक करते तशी. "तू वाईट करतेस असं नाही गं. तू बरोबरच असतेस. आईच्या वेळी पण तू बरोबरच होतीस. डॉक्टर बोलायचे, तू बोलायचीस, आम्ही बाकावर. एकेचाळीस दिवस. बाबांना तिला घरी आणायचं होतं. शेवटी तरी. तू म्हणालीस, घरी आणणं म्हणजे मारणं. मग ते काय बोलणार? चौथी पास माणूस. ते मला म्हणाले, मला माझ्या कॉटवरून जायचंय, आणि ताईला हे पटवून द्यायला मला शब्द येत नाहीत. तू फक्त कपडे सांभाळ."

सहा वर्षांपूर्वी, आईच्या वेळी, ते हॉस्पिटलच्या बाकावर गळ्यात टेप घालून बसायचे. काढायची विसरायचे. लोक बघायचे, आणि मला, मलाच, त्याची लाज वाटायची. आत फक्त एकालाच सोडत आणि ती एक मीच असायचे, कारण डॉक्टरांचं मला कळायचं. संध्याकाळी मी बाहेर आले की ते उभे राहायचे. मशीन किती दाखवतं, औषध कोणतं, हे मी सांगायचे आणि ते सगळं ऐकून घ्यायचे. मग रोज एकच विचारायचे, "काही बोलली का?" मी म्हणायचे, "शुद्धीवर नाही, बाबा." ते मान हलवायचे. माझ्याकडे थोडा वेळ बघायचे, चष्म्याच्या वरून, माप घेतल्यासारखे. ते नेहमी म्हणत, माणूस खोटं बोलतो, कंबर बोलत नाही. त्यांना माझ्या अंगावर काय दिसलं असेल, मला ठाऊक नाही.

धाकटीने पट्ट्या गोळा केल्या, टोकं जुळवली, दोरा बांधला. जुडगा परत खिळ्याला लावताना तिची पाठ माझ्याकडे होती. "एक विचारू?" ती म्हणाली. "मला म्हणून नाही. बाबा शेवटच्या महिन्यात रोज विचारायचे. मला काय माहीत असणार, पण मलाच विचारायचे. आई तिथे खरंच काहीच बोलली नाही?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. सहा वर्षं जुनं, वापरून वापरून अंगाला बसलेलं. ते दिलं असतं तर मी शर्ट घडी करून पिशवीत टाकला असता, फसवली गेलेली मोठी मुलगी म्हणून पायरी उतरले असते आणि उरलेला जन्म तशीच राहिले असते. त्यात मला कुणी चूक म्हटलं नसतं. मी टेबलावरची कात्री उचलली. कुणी काढून घेतली नाही. ती माझ्या आठवणीपेक्षा फार जड होती. मी ती परत ठेवली.

"बोलली होती," मी म्हटलं.

धाकटी वळली नाही.

"नवव्या दिवशी. नळी घालायच्या आधी. पूर्ण शुद्धीवर होती. मला घरी ने, म्हणाली. मी संमतीचा फॉर्म वाचत होते, मी म्हटलं, हो, दोन दिवसांत. ती पुन्हा म्हणाली. माझी बाही धरून म्हणाली, मला घरी ने, त्यांना सांग. मी सही केली, आणि तिचा हात सोडवला, आणि मी आईला म्हटलं, 'आई, यातलं तुला काही कळत नाही.'"